झाकण बंद असतानाचा मेळ

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि स्वभावाने संशयी आहे हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं उघड्यावर उभं राहिलं की कुणाचाही स्वभाव असाच होईल. मला नळी नाही, डोक्यावर घुमट नाही. साडेतीनशे लहान आरसे एका भल्यामोठ्या लोखंडी सांगाड्यावर बसवले आणि समोर कॅमेरा टांगला, की झाले मी तयार. माझ्यापासून शंभर पावलांवर माझी धाकटी बहीण उभी आहे, हुबेहूब माझ्यासारखी.

आमचं मूळ काम गॅमा किरणांचं. ते दुरून येऊन हवेवर आदळले की क्षणभर फिकट निळा उजेड चमकतो. तो आम्ही टिपायचो. त्यासाठी मिट्ट काळोख लागतो, म्हणून चंद्र असला की आम्हाला सुट्टी. सुरुवातीला आमचं फार कौतुक झालं. पाहुणे यायचे, आरशांत स्वतःचे शेकडो चेहरे बघून हसायचे. मग दुसरीकडे आमच्याहून मोठ्या दुर्बिणी उभ्या राहिल्या आणि पाहुणे आटले. महिन्यातून एकदा फडकं घेऊन यायचे ते फक्त आमचे तंत्रज्ञ काका.

एके दिवशी काका माझ्या कॅमेऱ्यासमोर काहीतरी नवीन बसवू लागले, तेही ऐन पौर्णिमेच्या आठवड्यात! माझ्या मनात पाल चुकचुकली. सुट्टीत काम काढतात म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. त्यांच्याबरोबर एक संशोधक बाई होत्या. त्यांच्या खिशाला तीन पेनं होती आणि त्यातलं एकही उठत नव्हतं.

"काका, तेजस्वी तारा चांदण्यातही दिसतो," बाई सांगत होत्या. "त्याचा उजेड सारखा थरथरतो, डोळ्यांना कळणार नाही इतका भरभर. ती थरथर ह्या दोघींनी एकाच वेळी नोंदवायची आणि दोन्ही नोंदी किती जुळतात, तो मेळ बघायचा. दोघींमधलं अंतर वाढलं की मेळ कमी होतो. किती कमी होतो, त्यावरून ताऱ्याची रुंदी काढता येते."

"पण मॅडम, ह्या तर जमिनीत रोवलेल्या. अंतर वाढणार कसं?"

"तारा सरकतो ना! त्याच्या बाजूने पाहिलं तर ह्या दोघी कधी जवळ असतात, कधी लांब."

संचालकांनी बाईंना तीन महिने दिले होते. तेवढ्यात रुंदी निघाली नाही तर मला उतरवून भंगारात काढायचं, असं पत्रच आलं होतं. माझा जीव टांगणीला लागला. पहिले दोन महिने ढगांनी खाल्ले. तिसऱ्या महिन्यात मात्र मेळ मिळाला, आणि तोही ठसठशीत. काका खूश, मी खूश. बाई तेवढ्या आलेखाकडे कपाळाला आठ्या घालून बघत बसल्या.

"तारा वर होता तेव्हा एवढाच, खाली गेला तरी एवढाच. कमी का होत नाही हा?"

"नसेल होत. चांगलंच आहे की, मॅडम!"

"इतकं चांगलं मला पटत नाही, काका."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाईंनी आम्हा दोघींच्या कॅमेऱ्यांची झाकणं घट्ट लावली आणि यंत्रं चालू केली. आत उजेडाचा कण नव्हता. तरीही मेळ आला, अगदी तेवढाच! खोटं कशाला बोलू, बाईंनी गप्प बसावं असंच मला वाटलं. चार दिवसांनी संचालक येणार होते, आणि तो खोटा आलेख मला वाचवणार होता.

"म्हणजे माझ्या कामावर संशय आहे तर," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"माझ्यावरही आहे. चला, केबल बघू."

गेल्या महिन्यात उंदरांनी माझी केबल कुरतडली होती. काकांनी नवी आणली आणि ती सुरक्षित राहावी म्हणून धाकटीच्याच पाइपातून ओढली. दोन केबली अंगाला अंग लावून पडल्या होत्या, आणि माझ्या यंत्रातली विजेची कुजबुज धाकटीच्या केबलीत झिरपत होती. काकांनी दोन्ही केबली ओढून वेगळ्या केल्या.

"मीच केलं हे. माझ्या हातून मरणार होती की ही!"

"मीही एकदा पाइप उघडून पाहिला नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः फावडं उचललं.

वेगळा पाइप टाकण्यात दोन दिवस गेले. हातात दोन रात्री उरल्या. त्यांत मेळ मिळाला तो अगदी चिमूटभर, पण तारा सरकला तसा तो कमी होत गेला. झाकण लावलं की नाहीसा होत होता. बाईंनी त्यावरून ताऱ्याची रुंदी काढली.

संचालकांसमोर बाईंनी दोन्ही आलेख ठेवले.

"हा मोठा कशाला दाखवताय?"

"तो खोटा आहे, सर. मी तोच तुम्हाला पाठवणार होते."

"आणि हा लहान? ह्याची खात्री आहे?"

"झाकण लावून तीनदा पाहिलंय. उद्या पुन्हा बघणार आहे."

संचालकांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. मग त्यांनी भंगाराचं पत्र मागून घेतलं आणि फाडलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, पण तेवढ्यावर थांबू नका, त्यांना तपासाही. बाई अजूनही दर नोंदीआधी माझं झाकण लावतात. आधी मला त्याचा राग यायचा. बावीस वर्षांत माझं कौतुक पुष्कळांनी केलं, पण मी खरं बोलते आहे का, हे बघायला थांबलेल्या त्या एकट्याच.