शॉकनंतर तीन तास

इकोवाल्या ताईंनी आजवर हजारो छात्यांवर मशीन फिरवलं असेल, पण त्या दुपारी समोर होती छाती सख्ख्या धाकट्या भावाची! चालता चालता जिन्यात कोसळला, हृदयाचा ठेका पार बिघडला, आणि तो ताळ्यावर आणायला सात शॉक द्यावे लागले. ठेका आला. पडद्यावर हृदय मात्र जेमतेम हलत होतं. पंपिंग अठरा टक्के, निरोगी हृदयाचं साठच्या आसपास असतं.

रिपोर्टच्या छापील कागदावर आकड्याला चांगली ठसठशीत चौकट असते. शॉक किती दिले, कधी दिले, याला मेली जागाच नाही. ताईंनी पेन काढलं आणि समासात लिहिलं, 'सात शॉक. शेवटच्या शॉकनंतर तीन तास. दोन दिवसांनी पुन्हा तपासणे.'

बाहेर बाकावर आई बसली होती.

"डॉक्टर म्हणाले, आशा कमी. श्वासाच्या मशीनवर किती ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मी सांगून टाकते बाई, उगाच हाल नकोत पोराचे."

"आई, अजिबात नाही! शॉकने ठेका परत येतो, पण हृदयाचा स्नायू बधिर होतो. मुंग्या आलेल्या पायावर लगेच उभं राहता येतं का? दोन दिवस दे मला."

"अगं, पण बाबांच्या वेळी तूच आकडा बघून म्हणालीस, मशीन काढून घरी नेऊ या."

"ते वेगळं होतं," ताई म्हणाल्या.

वेगळं काहीएक नव्हतं. तेव्हा नोकरी नवी होती, आकडा म्हणजे आकडा, एवढंच कळायचं. बधिरपणाचं त्यांना दोन वर्षांनी कळलं, आणि घरात सांगायचा धीर काही झाला नाही.

तिसऱ्या दिवशी आकडा आला बेचाळीस! ताई धावतच बाकाकडे गेल्या. आईने त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले, हसली, रडली. "तू हट्ट धरलास म्हणून लेकरू वाचलं गं माझं!"

मग हळूहळू तिचं हसू मावळलं.

"बाबांना किती शॉक दिले होते?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं.

"आठ," ताई म्हणाल्या. "आणि मी तासाभरात आकडा सांगून मोकळी झाले. मला कळत नव्हतं, आई."

"आपण त्यांना संध्याकाळीच घरी नेलं," आई म्हणाली, आणि तिने ताईंचे हात सोडले.