अंगठाभर जास्त

चंद्रकांत उपासनी मास्तर हुशार होते, याबद्दल सुरतेजवळच्या उधन्यात दुमत नव्हतं. आता हुशार माणसाचं एक असतं. त्याला अवघड चूक चटकन सापडते आणि साधी चूक जन्मात सापडत नाही. तिच्यासाठी खाली वाकून बघावं लागतं आणि हा आपला आभाळाकडे डोळे लावून बसलेला. मास्तरांचा तर सगळा कारभारच आभाळाशी होता.

मराठी शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात हौशी रेडिओच्या नादात असायचे. घरी बनवलेल्या सेटवरून, रीतसर सरकारी परवाना काढून, लांबच्या गावातल्या अशाच दुसऱ्या वेड्याशी बोलायचं. तेही तोंडानं नाही, तारखात्यासारखं, बटण दाबून टिंबं नि रेघा पाठवत. परवाना दिल्लीहून यायला तीन वर्षं लागली. बहात्तरच्या दिवाळीत तो आला, फ्रेम होऊन भिंतीवर लागला. आणि आता त्र्याहत्तरचा जानेवारी उजाडला तरी मास्तर एका माणसाशीही बोलले नव्हते. एरियल साथ देत नव्हतं.

एरियल म्हणजे गच्चीवरची तार. सेटनं पाठवलेलं हवेत सोडायचं काम तिचं. आता ती कशी लावायची, यावर जितकी तोंडं तितकी मतं. मुंबईचा एक हौशी दोस्त लिहायचा, लोखंडी टॉवर उभारा, चाळीस फुटांखाली सगळं फुकट. इंग्रजी पुस्तकात तर टॉवरवर गोल फिरणाऱ्या, शिडीसारख्या एरियलचे फोटो होते. ते बघताना मास्तर जेवायचं विसरायचे. दुसऱ्या पुस्तकात लिहिलं होतं, एक उभा पाइप पुरे. मास्तरांनी आधी पाइप लावला, तो काढून बांबू लावले, बांबू उंच केले, मग ठेंगणे केले. एक ना धड, भाराभर चिंध्या.

शेवटी त्यांनी लोटूअण्णांचं ऐकलं, जे पहिल्याच दिवशी ऐकायला हवं होतं.

लोटूअण्णा दोंडाईच्याचे. रेल्वेत तारबाबू म्हणून हयात गेली. मास्तर मूळचे तिथलेच. शाळकरी वयात स्टेशनावर बसून टिंब-रेघ शिकले ते अण्णांच्याच हाताखाली. पुढे अण्णांनीही परवाना काढला, अंगणात दोन खांब उभे केले. "तू परवाना काढ. तुझं पहिलं बोलणं माझ्याशी," असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. आता अण्णांची दृष्टी गेलेली. पत्रं दुसऱ्यानं वाचायची, दुसऱ्यानंच लिहायची. बटणावर बोट ठेवलं की मात्र त्यांना कुणाची गरज लागत नसे.

अण्णांचं म्हणणं साधं होतं. सुरत ते दोंडाईचा अंतर ते केवढं. त्याला टॉवर कशाला? दोन बांबू, त्यांच्यामध्ये आडवी तांब्याची तार, बरोबर सहासष्ट फूट, मधोमध तोडून सेटला जोडायची. उंची कमी असली तरी चालेल, लांबी मात्र चुकता कामा नये.

सहासष्ट फूट म्हणजे बावीस वार. आणि वार मोजायला खालच्या खोलीतल्या दगाभाऊंसारखा माणूस नव्हता. दगाभाऊ अमळनेरकडचे, एका गिरणीच्या घडीखात्यात कामाला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कापड मोजायचं आणि घड्या घालायच्या, हीच नोकरी. मास्तरांच्या हातातली शाळेची फूटपट्टी बघून त्यांना हसू आलं.

"मास्तर, तार मी मोजी देस. तुम्ही पुस्तक वाचा," असं म्हणून त्यांनी तारेचं वेटोळं उचललं, गिरणीतून येताना मोजून आणलं आणि ती तार स्वतःच बांबूला चढवूनही दिली.

तेव्हापासून घोळ सुरू झाला. सेटजवळ मास्तरांनी बॅटरीचा एक छोटा बल्ब लावला होता. तारेत शक्ती नीट उतरली की तो लख्ख पेटायला हवा. तो पेटायचा काजव्याइतका. मास्तरांनी सेट उघडला, वाल्व बदलले, सांधे पुन्हा डाग देऊन जोडले. तारेची टोकं अडकवायला सोड्याच्या बाटल्यांच्या माना वापरल्या होत्या, त्या काढून चिनी मातीचे लट्टू लावले. पूर्व-पश्चिम तार उत्तर-दक्षिण केली. तांबंच खोटं असेल म्हणून डिसेंबरात नवी तार आणली आणि ती पुन्हा दगाभाऊंकडे दिली. पुन्हा बावीस वार, पुन्हा काजवा. सेटला एकच स्फटिक, म्हणजे बोलायची जागा ठरलेली, इकडे-तिकडे सरकायची सोय नाही. मास्तरांच्या वहीत आकडेमोडीची चाळीस पानं झाली. प्रत्येक पान बरोबर होतं, म्हणून तर ते जास्तच चक्रावले.

आणि यात जिवाला लागणारी गोष्ट वेगळीच होती. ऐकू सगळं यायचं. दर रविवारी दहा वाजता दोंडाईच्याहून अण्णा हाक मारायचे. मास्तरांचं परवान्यावरचं नाव तीनदा, मग आपलं, मग थांबायचे. रेघ जरा ओढून सोडायची अण्णांची लकब शंभरांत ओळखू यावी अशी. मास्तर बटण बडवून ओ द्यायचे. अण्णांना काही पोचायचं नाही. ते पुन्हा हाक मारायचे, पुन्हा थांबायचे. साडेदहापर्यंत हे चालायचं. आंधळा म्हातारा हाका मारतोय आणि आपल्याला ओ देता येत नाही, याचा मास्तरांना इतका त्रास व्हायचा की रविवारी ते भरलं ताट टाकून उठायचे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अण्णांचं पत्र आलं, सुनेच्या अक्षरात. मुलगा न्यायला येतोय, भिलाईला. तिथल्या क्वार्टरात तार लावायची सोय नाही. सोमवारी पंधराला खांब उतरवणार. रविवारी दहा वाजता शेवटचा बसेन. सापडलास तर सापडलास.

"अहो, गाडीनं जाऊन भेटून या ना. सकाळची गाडी धरली तर दुपारी तिथे," मास्तरांची बायको सुलभा म्हणाली. तिचं काही चूक नव्हतं.

"भेटेन गं, भेटेन. पण अण्णा वीस वर्षं वाट बघतायत ती गाडीतून उतरणाऱ्या माणसाची नाही," मास्तर म्हणाले. मग सुलभानं तो विषय काढला नाही.

रविवार चौदा जानेवारी. आता सुरतेत राहिलेल्या माणसाला सांगायला नको की त्या दिवशी तिथे काय असतं. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, पतंगांचा दिवस. माणसं घरात नसतात, गच्चीवर असतात. उंधियू गच्चीवर, रेडिओ गच्चीवर, भांडणंही गच्चीवरच. आणि मास्तरांची तार नेमकी गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

घरमालक छगनभाई पन्नाशीचे, पण पतंगाच्या बाबतीत दहा वर्षांचे. आठ दिवस आधीपासून त्यांचं टुमणं चालू होतं. "मास्तर, आ तार काढो नी. मने नडे छे."

शेवटी तह झाला. साडेदहापर्यंत तार राहील, साडेदहाला मास्तर स्वतः उतरवतील. तोवर छगनभाई दुसऱ्या बाजूनं उडवतील. छगनभाईंनी मान हलवली, पण पेच लागल्यावर कसला तह आणि कसलं काय.

पावणेदहाला मास्तर सेटपाशी बसले. बल्ब तसाच मिणमिणता. तेवढ्यात वरून आरडाओरडा ऐकू आला आणि ते धावत गच्चीवर गेले. छगनभाईंचा पतंग कटला होता, मांजा तारेच्या उत्तरेकडच्या टोकाला गुरफटला होता, आणि छगनभाईंनी मांजा सोडवायचे कष्ट न घेता बांबू वाकवून, पक्कड घेऊन तारेचं टोकच कापलं होतं. चांगली फूटभर तार, मांज्याच्या गुंत्यासकट, त्यांच्या हातात लोंबत होती.

मास्तरांनी आयुष्यात कुणाला शिवी दिली नव्हती. त्या दिवशीही दिली नाही. त्यांचे डोळे भरून आले. ते बघून छगनभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी फिरकी खाली ठेवली.

गलका ऐकून दगाभाऊ वर आले होते. त्यांनी काही न विचारता उरलेल्या टोकाला लट्टू अडकवला, दोरी जास्त सोडली आणि तार पुन्हा ताणून बांधली. मास्तर पाय ओढत खाली आले. आता काय व्हायचं ते होवो म्हणून त्यांनी बटण दाबलं.

बल्ब पेटला. लख्ख नाही, पण काजवाही नाही.

मास्तरांनी बोट काढलं, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. दोन महिने जिची पूजा केली त्या तारेनं बल्ब पेटेना, आणि तीच तुटल्यावर पेटतो? हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? वहीत चाळीस पानं बरोबर आहेत आणि एका पतंगबाजाची पक्कड जास्त बरोबर? ते तुटका तुकडा घेण्यासाठी पुन्हा वर गेले. तुकडा हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. एवढं कमी झालं आणि सुधारलं. म्हणजे एवढं जास्त होतं.

"दगाभाऊ," त्यांनी विचारलं, "तुम्ही बावीस वार मोजलेत ना?"

"दोन येळा मोजं."

"कसं मोजलंत? मला करून दाखवा."

दगाभाऊंनी कठड्यावरची दोरी घेतली. एक वार ताणला. वाराच्या शेवटी अंगठा आडवा ठेवला आणि पुढचा वार अंगठ्याच्या पलीकडून सुरू केला. दुसरा वार, पुन्हा अंगठा. तिसरा, पुन्हा अंगठा.

"हा अंगठा कशाला?"

दगाभाऊंना प्रश्नच कळला नाही. श्वास कशाला घेता असं विचारल्यासारखे ते बघत राहिले. "कपडा धुवावर आटस ना, मास्तर. गिऱ्हाईकले कमी नको पडाले. घडीखात्यात वारले अंगठा देतसच. मंग तुमले कमी कसाले देसू?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बावीस वारांना बावीस अंगठे, म्हणजे जवळजवळ दोन फूट. मास्तरांनी सेट तपासला, तांबं तपासलं, दिशा तपासल्या. दगाभाऊंचं माप तपासायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ज्या माणसानं जन्मभर कापड मोजलं त्याच्या मागून फूटपट्टी घेऊन जायचं, हे त्यांना शोभलं नसतं. आणि डिसेंबरातली नवी तारही त्याच हातानं, त्याच मायेनं मोजली गेली होती.

दगाभाऊंच्याही ध्यानात आलं. ते मटकन खाली बसले. "मनी चूक व्हयनी," ते म्हणाले. "तारले अंगठा चालत नही, माले काय माहीत."

"उठा," मास्तर म्हणाले. "कमी दिली असतीत तर आज जोडायला कुठून आणली असती? जास्त आहे ती कापता येते." ते हसत होते की रडत होते, त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी छगनभाईंकडे हात केला. "पक्कड द्या."

दक्षिणेचं टोक मोकळं करून तेवढीच तार कापायची, लट्टू पुन्हा बांधायचा. बांबू छगनभाईंनी मिठी मारून धरला. आजूबाजूच्या गच्च्यांवरून कुणाचा मांजा आला की ते तिथूनच खेकसायचे. सगळं होईपर्यंत दहा वाजून वीस मिनिटं झाली.

मास्तर खाली येऊन बसले. दगाभाऊ दारात उभे राहिले. कानाला लावलेल्या हेडफोनात अण्णांची हाक चालू होती, रेघा नेहमीपेक्षा जरा जास्त ओढलेल्या. हाक थांबली. मास्तरांनी बटणावर बोट ठेवलं. बल्ब असा पेटला की सुलभा स्वयंपाकघरातून बघायला आली.

त्यांनी ओ दिली आणि थांबले. हवेत खरखर होती, बाकी काही नाही. मग दोंडाईच्याहून उत्तर आलं, सावकाश, एकेक अक्षर वेगळं. ऐकतोय. स्पष्ट येतंय. पुढे रीत असते तसं अण्णांनी विचारलं, आपलं नाव, आपलं गाव?

विसाव्या वर्षी दाढीचा वस्तरा ज्यांनी आणून दिला, त्यांनी नाव विचारलं. मास्तरांनी डोळे पुसले आणि रीतीप्रमाणे कळवलं. चंद्रकांत. सुरत.

उत्तर आलं. माझं नाव लोटू. आपली ओळख झाली, आनंद वाटला.

मग अण्णांनी एरियल कसलं ते विचारलं. मास्तरांनी कळवलं, बावीस वार, अंगठे कापून. अण्णांना त्यातलं काय कळलं देव जाणे. साडेदहाला त्यांनी शेवटचा नमस्कार केला. त्यानंतर दोन टिंबं पाठवायची पद्धत असते, झालं, निघतो, अशा अर्थाची. अण्णांनी ती पाठवली. मास्तरांनीही पाठवली. इथे संपायला हवं होतं. पण थोड्या वेळानं अण्णांची पुन्हा दोन टिंबं आली. मास्तरांनी पुन्हा दोन पाठवली. पुन्हा तिकडून दोन.

वर छगनभाई बांबू धरून ताटकळले होते. साडेदहा कधीच होऊन गेले होते आणि त्यांनी एकदाही हाक मारली नव्हती.

"अण्णा काय सांगतस?" दगाभाऊंनी हळूच विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "निघतो म्हणतायत."

"मंग जात काबर नही?"

मास्तरांनी पुन्हा दोन टिंबं पाठवली आणि वाट बघत बसले.