डाव्या हातावरची चिकटी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेतल्या शेवटच्या चिकटीनं पिल्लू दिलं. एकच, तांदळाच्या दाण्याएवढं, पांढुरकं. चिकटी हा रक्तावर जगणारा किडा; ती अंडी घालत नाही. पिल्लू पोटात वाढवते, जिवंत जन्माला घालते आणि तासाभरात मरते. पिल्लाला सहा तासांत रक्त मिळालं नाही, तर तेही जातं. बाटलीतल्या रक्ताला ते तोंड लावत नाही. त्याला कातडीखालची नाडी लागते.

म्हणून प्रयोगशाळेत चिकट्या माणसाच्या हातावर पोसत. जाळीची डबी डाव्या मनगटाच्या वर बांधायची आणि वीस मिनिटं बसायचं. तिघांनी आळीपाळीनं हात द्यावा, असा नियम होता. त्या तिघांतल्या मावशींनी मात्र चार वर्षं सगळ्यांच्या वाटचं एकटीनंच केलं. "तुम्ही चहाला जा, मी बघते," म्हणायच्या. नवरा गेल्यापासून घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. इथे डबी जवळ नेली, की आतला जीव सरकत त्यांच्याच बाजूला यायचा.

"मावशी, आजपासून तुम्ही हात द्यायचा नाही," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. रक्ततपासणीचा कागद त्यांच्या हातात होता. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ. "आज हे देतील."

चष्मेवाल्या सहकाऱ्यानं बाही सारून डबी बांधली. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. पिल्लू कातडीवर जरा फिरलं आणि कोपऱ्यात जाऊन बसलं.

"बायको म्हणते मी आंबट आहे," तो म्हणाला. "ह्यालाही पटलेलं दिसतंय."

बाईंनी वही उघडली. "दर मंगळवारी तुमची सही आहे. मग ते तुम्हाला ओळखत कसं नाही?"

चष्मेवाला मावशींकडे बघत राहिला.

"सह्या मी केल्यात," मावशी म्हणाल्या. "त्याच्याही आणि तिसऱ्याच्याही."

"आई ज्या रक्तावर वाढली, पिल्लू तेवढंच घेतं. तिघं उगाच नेमले होते का?"

"माहीत होतं मला."

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "उद्या तुम्हाला काही झालं, तर मुलाला काय सांगू मी?"

"घाई नाही हो. तो रविवारी फोन करतो."

त्या दिवशी मंगळवार होता.

मावशींनी एकदाच हात दिला तर चालेल का, हे बाई डॉक्टरांना विचारायला गेल्या. दोन वाजून पंचावन्न मिनिटांनी परतल्या, तेव्हा डॉक्टरांचा नकार पक्का झाला होता. मावशींची खुर्ची रिकामी होती. टेबलावर डबी नव्हती. मागच्या खोलीला आतून कडी होती.

"मावशी, दार उघडा."

"वीस मिनिटं द्या, बाई." आवाज नेहमीसारखाच होता.

तीन वाजून अठरा मिनिटांनी चष्मेवाल्यानं दार वाजवलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. कडी अजून निघालेली नाही.