चिमट्याला अठरा भोकं

साप्ताहिकाच्या सातव्या पानावर एक बेल्जियन माणूस पाठीची कमान करून सायकलवर ओणवा झालेला आहे. खाली दोन ओळी. मेक्सिको, ऑक्टोबर १९७२. एका तासात जवळजवळ साडेएकोणपन्नास किलोमीटर. सायकलचं वजन पावणेसहा किलो.

•

इमामपूर घाटात दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या. उन्हं अजून तापली नव्हती. भागूबाई हातोडा थांबवून म्हणाली, "कायतरी वाजलं." शेजारणीला काही ऐकू आलं नव्हतं.

•

भिंगारमधल्या लाकडाच्या वखारीतला काटा. सायकल, आधी: अकरा किलो दोनशे. चार दिवसांनी: दहा किलो सहाशे.

•

गनीभाईंच्या दुकानाचा नियम एकच. जी सायकल आपण उघडली, ती आधी आपण चालवायची. दमडी मशिदीपर्यंत जायचं आणि परत यायचं. गिऱ्हाइकानं पाय टाकायचा तो त्यानंतर. बत्तीस वर्षांत हा नियम मोडला नव्हता.

•

आता हे सगळं एका जागी आणतो.

रंगनाथ भिंगारच्या लष्करी डेपोत कारकून होता. वय सव्वीस. त्याची सायकल डेपोच्या लिलावातली, कुणा गोऱ्या साहेबानं जाताना मागं ठेवलेली शर्यतीची सायकल. निळी, बारीक नळ्यांची. एका बोटावर उचलली जाई. दर सव्वीस जानेवारीला नगरहून सोनईपर्यंत शर्यत लागे, आणि दोन वर्षं रंगनाथ पहिला येत होता. तिसऱ्या वर्षी कोपरगावचा पुंजाराम आला. साखर कारखान्यातला फिटर. त्याच्या मागच्या चाकाला पाच चक्रं आणि त्यांवरून चेन उडवणारा फ्रेंच गिअर. चढावर तो बसल्या जागी निघून गेला. रंगनाथ उभा राहून पायडल मारत राहिला आणि त्याच्या पाठीकडं बघत राहिला.

यंदा पहिल्या येणाऱ्याला जिल्ह्याच्या संघात घेणार होते. संघ पुण्याला जाणार होता. रंगनाथला दुसरं काही सुचत नव्हतं.

तो साप्ताहिक घेऊन दुकानात आला.

"चाचा, गिअर काय आपल्याला मिळायचा न्हाई. पण हे बघा. ह्यांनी सायकलला भोकं पाडलीत."

गनीभाईंनी चष्मा वर केला आणि पान नाकाशी धरलं. "कशाला?"

"वजन कमी व्हायला. चेनव्हीलला, ब्रेकच्या दांड्यांना, सगळीकडं. आतल्या लेखात लिहिलंय तसं."

"आणि माणसाला?"

"माणसाला काय?"

"माणसाला भोकं पाडून घे एक-दोन. तू रोज सकाळी चार भाकरी हाणतोस, ते वजन कुठं मोजणार?"

रंगनाथ हसला. गनीभाई हसले नाहीत. ते फोटोकडं बघत होते. छपाई वाईट होती. ठोकळ्याची शाई पसरली होती आणि पुढच्या चिमट्यावर, चाक धरणाऱ्या त्या दोन दांड्यांवर, एकाखाली एक काळे ठिपके उमटले होते. हँडलखालपासून आसापर्यंत. डावीकडं नऊ.

"चिमट्यालापण?" गनीभाई म्हणाले.

"दिसतंय की."

दिसत होतं. गनीभाईंनी चिमट्याला भोकं पाडलेलीच होती, हजार वेळा. डायनामोची क्लिप बसवायला, दिव्याची पट्टी बसवायला. देशी सायकलचा चिमटा म्हणजे पाण्याच्या पाइपासारखा जाड. हातड्रिल फिरवून खांदा भरून यायचा. एकही कधी तुटला नव्हता. त्या अनुभवावर ते मान हलवून हो म्हणाले.

•

चेनव्हीलला दोन दिवस लागले. ब्रेकच्या दांड्यांना एक. सीटच्या नळीला अर्धा.

चिमट्याचं पहिलं भोक. गनीभाईंनी ड्रिल टेकवून छातीचा भार दिला आणि पातं अचानक आत गेलं. जसं कुणीतरी आतून दार उघडावं. ते तोल जाऊन पुढं आले.

त्यांनी भोकाच्या कडेला नख लावून पाहिलं. पत्रा नखाएवढा पातळ होता.

रंगनाथ समोरच्या बाकड्यावर चहा पीत होता. "झालं?"

"एक झालं."

गनीभाई थांबले. इथं त्यांना सांगता आलं असतं. रंगू, हे लोखंड वेगळं आहे. पण बत्तीस वर्षांत त्यांनी काम अर्ध्यात सोडलं नव्हतं, आणि फोटोत त्या बेल्जियनाच्या चिमट्यावर नऊ ठिपके होते, आणि तो तर जिवंत होता. जगात सगळ्यांत जोरात जाणारा माणूस ज्यावर बसला, ते भिंगारच्या गनीला कळत नाही म्हणायचं? त्यांनी दुसरं भोक पाडलं. मग तिसरं. अठरा भोकं पाडायला तासही लागला नाही.

•

नियमाप्रमाणे गनीभाई दमडी मशिदीपर्यंत गेले. साठीच्या माणसाला ती सायकल ओढावी लागली नाही, तीच त्यांना ओढत होती. येताना त्यांना मोठ्यानं गाणं म्हणावंसं वाटलं. दुकानापाशी त्यांनी पुढचा ब्रेक दाबला.

टिक.

पुन्हा दाबला. नाही वाजलं.

त्यांनी हँडलच्या छर्‍यांना ग्रीस भरलं. छरे कोरडे असले की असा आवाज येतो. हे खरं आहे, येतो.

•

शर्यतीच्या दिवशी सकाळी औरंगाबाद रस्त्यावर एकवीस सायकली उभ्या होत्या. पुंजाराम गिअरची तार तपासत होता. त्यानं रंगनाथच्या चिमट्याकडं बघून शीळ घातली.

"बासरी आणलीस का रं?"

"ऐकवतो तुला. मागं राहून ऐक."

लोक हसले. रंगनाथची बायको चांगुणा रस्त्याकडेला उभी होती, हातात पाण्याची बाटली आणि गुळाचा खडा. तिनं खडा त्याच्या तोंडात घातला. गनीभाई सायकलपाशी उकिडवे बसून चाकाचे आरे चाचपत होते, जसं ते नेहमी करत. हात चिमट्यावर गेला. डावीकडं, तिसऱ्या आणि चौथ्या भोकाच्या मध्ये, निळ्या रंगात केसाएवढी रेघ होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. नखात अडकली.

रंग तडकला असेल. ड्रिलच्या वेळी रंग तडकतोच.

"चाचा, सोडा आता," रंगनाथ म्हणाला.

गनीभाई उठले. "रंगू."

"काय?"

पंच घड्याळ बघत होते. एकवीस जण एक पाय जमिनीवर टेकून उभे होते. शंभर-दीडशे माणसं बघत होती, त्यातली निम्मी गनीभाईंची गिऱ्हाइकं.

"घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबू नकोस."

"का?"

"नकोस. मागचा दाब. सावकाश उतर."

"सावकाश? मग आलोय कशाला?" रंगनाथ हसून म्हणाला आणि हँडलवर वाकला.

चांगुणा गनीभाईंकडं बघत होती. "का वो चाचा? ब्रेकला काय झालंय?"

"काही नाही, बेटी. रबर नवीन आहे."

शिट्टी झाली.

चेनींचा खळखळाट, मग तोही गेला. गर्दी पांगली. गनीभाई तिथंच उभे राहिले. अंगठ्याला नखापाशी निळा कण लागला होता. चांगुणाही उभी होती.

"किती वेळ लागंल घाटाला?" तिनं विचारलं.

"पाऊण तास. ह्याला कमी."

"का कमी?"

"हलकी आहे ना."

तिनं त्यांच्या कपाळाकडं पाहिलं. म्हणाली, "तुमी घामेजलाव, चाचा."

गनीभाईंनी रस्त्याकडं पाहिलं. घाटाकडं निघालेला एक रिकामा ट्रक येत होता. ते दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध गेले. ट्रक थांबला. ते चढले. चांगुणाही न विचारता चढली, आणि ड्रायव्हरनं विचारलं, कुठं जायचं, तेव्हा तिनंच घाटाकडं बोट केलं.

जेऊर मागं पडलं. सायकलवाले एकेक करून मागं टाकले; सतरा मोजले, अठरा, एकोणीस. पुढं फक्त पुंजाराम आणि रंगनाथ. घाटाच्या तोंडाशी पुंजाराम दिसला. तो खाली उतरला होता, सायकल आडवी टाकून, आणि वळणाकडं पळत होता. खडीच्या ढिगांवरच्या बायका सगळ्या उभ्या राहिल्या होत्या.

ट्रक थांबायच्या आधीच चांगुणानं उडी टाकली.

गनीभाई बसूनच राहिले.

•

गुरुवारी संध्याकाळी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, दुकानात देशी बनावटीचा एक साबूत चिमटा शिल्लक होता. तो त्या सायकलला बसत होता, आणि बसवायला वीस मिनिटं लागली असती.