खाटेएवढी जागा

माणसाला घरात जागा किती लागते, असं कुणी विचारलं की थोरले मिस्त्री खिशातून खडूचा तुकडा काढून दाखवायचे. "हा सांगतो," म्हणायचे.

आणि खरंच त्यांची रीत तशी होती. कपाट म्हणा, टेबल म्हणा, गिऱ्हाईक हौसेने सांगायला आलं की हे आधी त्याच्या घरी जायचे. सामान जिथे ठेवायचं तिथे जमिनीवर खडूने चौकोन आखायचे आणि बजावायचे, "आठवडाभर असं समजा की कपाट इथे उभं आहे. आत पाऊल टाकायचं नाही. जमलं तर मी करवतीला हात लावतो. नाही जमलं, रेघ पुसली, तर जिथे पाय पडला तिथून रेघ आत घ्यायची आणि तेवढंच कपाट करायचं. रेघ आत जाते, बाहेर कधी येत नाही." लोक हसायचे, पण ऐकायचे. त्यांच्या सामानाची कुणाला कधी अडचण झाली नाही, असं त्यांचं नाव होतं.

एका घरात रेघ नेमकी तिथल्या म्हातारीच्या बसायच्या जागेवरून गेली. ती बिचारी चुळबुळ करायला लागली, तर हे म्हणाले, "आजी, माणूस काय, कुठेही बसतं. कपाटाला भिंत लागते." हा किस्सा पुढे कितीतरी वर्षं ते जेवताना रंगवून सांगायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे. म्हातारीचं पुढे काय झालं, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढे हात थरथरायला लागले. दुकान मुलाच्या हाती गेलं, मुलगा धाकटे मिस्त्री झाला, आणि थोरल्यांकडे उरली ती दोन खोल्यांच्या घरातली, बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मांडलेली खाट. स्वतःच्या हाताने केलेली, चांगली लांबरुंद. जन्मभर उकिडवं बसून रंधा मारला, त्याचं बक्षीस म्हणून दोन्ही गुडघे गेले होते. पाय वाकवून बसले की कळ थेट मस्तकात जायची आणि लांब केले की जीव भांड्यात पडायचा. आता त्यांचं जगाकडे एवढंच मागणं होतं, पाय लांब करता यावेत. बंगला मागितला होता का त्यांनी कुणाकडे?

पण त्या जागेवर सुनेचा डोळा होता. सून तशी वाईट नव्हती. वेळेवर वाढायची, गोळ्या हातात आणून द्यायची. फक्त तिला सोफा हवा होता. "साऱ्या जगाला सोफे करून देता, आणि आपल्याकडे कुणी आलं की त्याला म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणावर टेकवायचं," असं ती नवऱ्याला म्हणायची, तेही सासऱ्यांना नीट ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे नवऱ्याला बोलायची आणि लागायचं सासऱ्याला.

एका संध्याकाळी मुलगा खाटेशी येऊन बसला. "बाबा, एक बोलू?" म्हणाला. तो 'एक बोलू' म्हणतो तेव्हा त्याचं सगळं ठरलेलं असतं, हे बापाला कळायला हवं होतं.

"घर लहान पडतंय, बाबा."

"घर आहे तेवढंच आहे. तुमचे पाय वाढलेत."

"म्हणूनच म्हणतो, कटकट नको. तुमचाच नियम लावू. तुम्ही आठवडाभर ताईकडे जाऊन या. खाट मी दुकानात नेतो आणि इथे खडूने आखून ठेवू. रेघ टिकली तर खाट परत जागेवर. मग सोफ्याचं नाव काढणार नाही कुणी."

"आणि पुसली तर?"

"ते मी कशाला सांगू? तुम्हीच सांगा, तुम्ही काय करायचे?"

आणि बघा, म्हातारा खूश झाला! दुसरा कुणी असता तर सावध झाला असता. याची छाती फुगली. पोराने एवढ्या वर्षांनी का होईना, आपला नियम मानला. स्वतःच्या अकलेवर भाळलेल्या माणसाला फसवायला फार कष्ट पडत नाहीत. खाट हलवल्यावर गुडघे ओरडत असताना ते स्वतः खाली बसले आणि भिंतीपासून चारी बाजूंनी रेघ ओढली. हात थरथरत होता, रेघ मात्र सरळ आली.

मग त्यांनी नातीला हाक मारली. तिचे दुधाचे दात पडत होते आणि आजोबांवर तिचा जीव होता. आजोबा जाणार म्हणून ती सकाळपासून मुसमुसत होती.

"आजोबा, कुणी पाय दिला तर?"

"तर तू लगेच नवी ओढायची. आहेस ना तू राखणीला? पण लबाडी चालणार नाही हं. रेघ कशी असते?"

"रेघ आत जाते, बाहेर कधी येत नाही," तिने पाढ्यासारखं म्हणून दाखवलं.

"शाब्बास!" म्हणत त्यांनी खिशातला खडू तिच्या मुठीत ठेवला आणि निश्चिंत मनाने पिशवी उचलली.

लेकीच्या घरी जागेला तोटा नव्हता. लेकीची खोली, जावयाची खोली, दोन्ही नातवांच्या दोन, इस्त्रीच्या कपड्यांची एक आणि पाहुण्यांची एक. म्हाताऱ्याचं अंथरूण मात्र पडलं खोल्यांमधल्या बोळात. पाहुण्यांच्या खोलीला नवा रंग दिला होता आणि पाहुणे कधीही आले असते.

"अगं, मग मी कोण?" त्यांनी थट्टेत विचारलं.

"असं काय बाबा, तुम्ही तर घरचेच ना!" लेक म्हणाली.

जाता-येता जावई त्यांचे पाय ओलांडायचा आणि दर वेळी "सॉरी हं" म्हणायचा. नातवंडं दारं लावून बसायची. ताटसुद्धा ज्याचं त्याच्या खोलीत जायचं. बोळात पडल्या पडल्या म्हातारा मनाशी म्हणायचा, जाऊ दे, चार दिवसांचा प्रश्न आहे, आपली खाट आहे. निघायच्या आदल्या दिवशीच लेकीने पिशवी भरून दाराशी ठेवली होती. बापाला उशीर होऊ नये म्हणून.

मुलगा न्यायला आला. वाटेत फार काही बोलला नाही. घराचं दार उघडलं आणि नात धावत येऊन कमरेला बिलगली.

"आजोबा, मी पुसू नाही दिली! बघा तुम्ही! कोपरेसुद्धा आहेत!"

त्यांनी पाहिलं. रेघ होती. पांढरी, ठसठशीत, चारी कोपऱ्यांसकट शाबूत. खिडकीच्या कोपऱ्यात, खुर्ची मावेल एवढी.

उरलेल्या भिंतीला सोफा टेकला होता. प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. म्हाताऱ्याने सवयीने सोफ्याच्या उघड्या लाकडी हातावरून बोट फिरवलं. असलं पॉलिश आठवड्याभरात सुकत नाही. म्हणजे खाटेशी बसून 'एक बोलू' म्हणाला, तेव्हा हा सोफा दुकानात उभा होता.

"पहिल्या दिवशी आईचा पाय पडला," नात बोटांवर मोजत सांगत होती. तिच्या डोळ्यांत नुसता अभिमान होता. "मी लगेच आत घेतली. मग बाबांचा पडला. मग शेजारच्या काकू आल्या. मग सोफा ठेवताना खूपच पुसली, पण मी रडले नाही, पुन्हा ओढली. एकदासुद्धा बाहेर नाही काढली, आजोबा."

"नियम म्हणजे नियम, बाबा," मुलगा म्हणाला. "जेवढी रेघ, तेवढंच सामान." आणि आतल्या खोलीतून त्याने खुर्ची आणली.

खुर्ची सुंदर होती. पाठीला कलती, हातांना गोल, बसायला जाड गादी. पोराने कुठे हात आखडला नव्हता. म्हाताऱ्याने एकेक सांधा चाचपला. कुठेतरी खोट निघावी, फट निघावी, ओरडायला काहीतरी जागा मिळावी. निघाली नाही. उजव्या हाताखाली मात्र अंगठ्याला लाकडातली एक गाठ लागली. ही गाठ त्यांच्या ओळखीची होती. झोप लागेपर्यंत ते रोज तिच्यावर अंगठा फिरवायचे.

"खाट कापलीस?"

"लाकूड चांगलं होतं, बाबा. वाया घालवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना."

म्हाताऱ्याने सोफ्याकडे पाहिलं. "रात्री मी... सोफ्यावर पाय लांब केले तर? नुसते रात्रीपुरते."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. "कापड फिकं आहे हो," ती म्हणाली. "आणि एकदा गादी दबली की दबली."

"पण माझे गुडघे..."

"बाबा!" मुलगा हसत म्हणाला. "तुम्हीच नाही का सांगायचे? माणूस काय, कुठेही बसतं. सोफ्याला भिंत लागते!"

सून खळखळून हसली. नातही हसली, कारण तो किस्सा आला की या घरात हसायचंच असतं. आणि कसं कोण जाणे, सवयीने म्हाताऱ्याच्याही तोंडून हसू बाहेर पडलं. त्याची त्यालाच शिसारी आली.

ते खुर्चीत बसले. गुडघे वाकले आणि कळ निघाली ती डोळ्यांपर्यंत आली. सगळे आपापल्या कामाला लागले. सून प्लास्टिकवरची धूळ झटकायला लागली, मुलगा हात धुवायला गेला. कुणाचं लक्ष नाही असं पाहून म्हाताऱ्याने हळूच एक पाय लांब केला. मग दुसरा. कळ उतरायला लागली, श्वास सुटला, डोळे आपोआप मिटले.

घोट्याला काहीतरी लागलं म्हणून त्यांनी खाली पाहिलं. नात जमिनीवर उकिडवी बसली होती. एका हाताने त्यांचा पाय खुर्चीकडे ढकलत होती आणि दुसऱ्या हातात खडू होता. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"पाय आत घ्या ना, आजोबा," ती कळवळून म्हणाली. "रेघ पुसली तर मला अजून आत घ्यावी लागेल."