लाल म्हणजे उजेड नव्हे

फोटोवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा मान मिळाला तो अंधारामुळे. ही हकिगत आता तो स्वतःच सांगतो, आणि सांगताना स्वतःला कसलीही सवलत देत नाही.

युद्ध सुरू झालं आणि किनाऱ्यावरच्या वस्त्यांना हुकूम आला : दिवस मावळल्यावर समुद्रावरून उजेडाचा ठिपकासुद्धा दिसता कामा नये. बंदराचा दिवा विझला, रस्त्यावरचे दिवे विझले. आळीवर नजर ठेवायला एक पहारेकरी हवा होता. "अंधारातलं कोणाला कळतं?" असं हुकूम घेऊन आलेल्या साहेबांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी फोटोवाल्याकडे बोट दाखवलं. तीस वर्षं हा माणूस अंधारखोलीत कोंडून घेतोय, आणखी काय पात्रता हवी? फोटोवाल्यालाही ते पटलं. स्वतःबद्दल कोणी बरं बोललं की त्याला ते चटकन पटत असे.

त्याला दंडावर बांधायची पट्टी मिळाली, शिट्टी मिळाली. पट्टी बांधून तो रस्त्याने निघाला की माणसं उठून उभी राहत. याआधी त्याच्यासाठी माणसं उठत ती फक्त खुर्ची रिकामी करून फोटोला बसायची पाळी दुसऱ्याला द्यायला.

शिट्टी फुंकत दारोदार फिरणं त्याला कमीपणाचं वाटलं. त्याने शास्त्रीय पद्धत काढली. रोज अंधार पडला की धक्क्याच्या टोकाला तिकाटण्यावर कॅमेरा उभा करायचा, वस्तीकडे तोंड करून वीस मिनिटं आतली फोटो उमटायची काच उघडी ठेवायची. घरी येऊन ती धुतली की छापात काळ्याभोर वस्तीवर पांढरे ठिपके उमटत. हा ठिपका वाण्याच्या माडीचा, हा शिंप्याच्या मोरीचा. सकाळी दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने नाव, खिडकी आणि कारण लिहायचं. शिंप्याचं नाव पाच वेळा लागलं. मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं, दोनदा. मेहुण्याची मासेमारीची बोट होती आणि मागचं दार उघडं टाकून जेवायची खोड होती.

स्वतःच्या घराच्या सगळ्या खिडक्यांना फोटोवाल्याने काळा कागद चिकटवला होता. एक सोडून.

"घरात श्वास घ्यायची चोरी झालीय," बायको म्हणाली, "आणि तुमच्या खोलीची खिडकी मात्र सताड उघडी."

"अगं, ती अंधारखोली आहे. अंधाराला कागद कशाला?"

तीस वर्षं ती खिडकी त्याला बंद ठेवावी लागली होती, कारण समोरच रस्त्यावरचा दिवा होता. आता तो विझल्यावर संध्याकाळी खिडकी उघडून समुद्राच्या वाऱ्यात काम करता येत होतं. अख्ख्या वस्तीत उजेडबंदीने सुखी झालेला तो एकटाच असावा.

"पण आत दिवा असतो ना. तुम्ही धक्क्यावर जाता तेव्हाही जळतच असतो."

"लाल," फोटोवाला म्हणाला. जणू 'आत दिवा नसतोच' असं सांगावं, अशा समजुतीच्या सुरात. त्याच्या काचांना लाल रंग दिसत नसे. त्या उजेडात त्या खराब होत नसत. म्हणून त्या धंद्यात लाल उजेडाला कोणी उजेड म्हणत नाही.

चार दिवसांनी मेहुणा आला.

"दाजी, रागावू नका. समुद्रावरून तुमच्या घराला एक लाल डोळा दिसतो."

"जागरणं करून तुझेच लाल झालेत." फोटोवाल्याने आदल्या दिवसाचा छाप पुढे केला. "हे बघ. माणूस खोटं बोलेल, काच बोलत नाही."

मेहुण्याने छाप सुलटा धरला, उलटा धरला. "यात तर गावच नाही."

"तेच तर."

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचं नाव फळ्यावर तिसऱ्यांदा लागलं. त्या काचेवर त्याच्या दाराचा ठिपका होता की नव्हता, हे फोटोवाला आजही नक्की सांगत नाही.

मग साहेबांचा निरोप आला. शनिवारी ते बोटीतून किनारा बघणार होते. आळी काळीकुट्ट दिसली तर पट्टी कायम. एक जरी उजेड दिसला तरी पट्टी शिंप्याकडे. शिंप्याने त्या दिवशीच आपल्या दंडाचं माप घेऊन ठेवलं. फोटोवाल्याने तीन दिवस घरोघर फिरून फटी बुजवल्या, एका म्हातारीची समई स्वतः फुंकली. पट्टी गेली तर पुन्हा "मान जरा डावीकडे, हसा" एवढंच आयुष्य उरणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

बोट नेमकी मेहुण्याची ठरली.

शनिवारी दिवस मावळून अंधार दाटला तेव्हा तिघे समुद्रात बरेच आत गेले होते. किनारा कोणी पुसून टाकावा तसा नाहीसा झाला. फोटोवाल्याने छाती पुढे काढली.

"छान," साहेब म्हणाले. "आणि ते काय?"

"कुठलं, साहेब?"

"ते. समोर. लाल."

फोटोवाल्याने पाहिलं. खरं सांगायचं तर त्याला आधी काहीच दिसलं नाही. तीस वर्षं त्याच्या डोळ्यांनी त्या रंगाची दखल घेतली नव्हती. मग दिसलं.

"साहेब, तो उजेड नाही," तो म्हणाला. "तो लाल आहे."

पाणी बोटीच्या फळीवर आपटत राहिलं.

"घर कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

मेहुणा बिचारा सज्जन. त्याने फक्त मान वळवून दाजींकडे बघितलं आणि बघतच राहिला.

"माझं," फोटोवाला म्हणाला.

"मग तुमच्या फोटोंत तो कसा दिसत नाही?"

"काचेला लाल दिसत नाही, साहेब."

"काचेला. आणि तुम्हाला?"

"मी त्याच काचेच्या धंद्यात आहे."

"शत्रू नाही," साहेब म्हणाले, आणि हात पुढे केला. फोटोवाल्याने पट्टी सोडून त्यांच्या हातावर ठेवली. गाठ चटकन सुटेना, म्हणून मेहुण्याने मदत केली.

परत फिरताना साहेबांना आपल्या जिवाची काळजी वाटू लागली. "बंदराचा दिवा बंद आहे. या मिट्ट काळोखात तू बोट आत कशी नेणार?"

"सोपं आहे," मेहुणा म्हणाला. "तो लाल दिवा नाकासमोर धरायचा. सगळ्याच बोटी धरतात पंधरा दिवस झाले."

"आणि कोणी सांगितलं नाही?"

"मी सांगितलं होतं साहेब. दाजींनी काच दाखवली."

अशा रीतीने अपराधाच्या उजेडात सगळे सुखरूप धक्क्याला लागले. साहेबांनी उतरल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे तो दिवा विझवायला लावला.

सकाळी शिंपी नवी पट्टी बांधून फळा ताब्यात घ्यायला आला. बाही त्याने त्या मापाने आधीच आखूड करून घेतली होती. फोटोवाला म्हणाला, "एक नोंद राहिलीय, तेवढी करू दे." त्याने खडू घेतला. स्वतःचं नाव लिहिलं. खिडकी : अंधारखोलीची. कारणाच्या रकान्याशी मात्र त्याचा हात थांबला.

बायको दारात उभी होती. "लिहा की," ती म्हणाली. "लोकांची कशी भराभर लिहीत होतात."

फोटोवाल्याने थोडा विचार केला आणि नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं : तीस वर्षांचा अनुभव.

मग तो आत गेला, उरलेला काळा कागद शोधला आणि त्या खिडकीला चिकटवून उकाड्यात कामाला बसला.