हमालाचा पहिला फोटो

मित्रांनो, मी एक जुने एक्स-रे यंत्र आहे. सध्या दवाखान्याच्या जिन्याखाली, मोडक्या खाटांशेजारी उभे आहे.

मला नवे आणले तेव्हा लोक कौतुकाने बघायला यायचे. मला चालवणाऱ्या ताई म्हणायच्या, "श्वास घ्या, रोखा, हलू नका," की मी माणसाच्या आतले पाहून घ्यायचे. पुढे वर्षे सरली. मी कुरकुरू लागले. किरणे सोडणारी माझी नळी बदलावी म्हणून ताईंनी तीन अर्ज केले, एकाचेही उत्तर आले नाही.

अशातच एका सकाळी गोदामातला एक हमाल बायकोसोबत आला. गळ्याखालच्या आडव्या हाडावर लिंबाएवढी गाठ. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिले होते, खांद्याचा फोटो.

मी तो काढला. हाडाचे टोक वाळवी लागल्यासारखे पोखरले होते. फोटोच्या कोपऱ्यात फुफ्फुसाचा शेंडा आला होता. तिथे कापसाच्या बोळ्यासारखा डाग होता. ताईंनी फोटो उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खोकला आहे का तुम्हाला?"

"गोदामात धूळ असते, सगळेच खोकतात."

"क्षयाची शंका येतेय मला. डॉक्टरांना आजच हा कोपरा दाखवा."

"पोती वाहून आलेली गाठ आहे हो, ताई. शेकलं की बसेल."

डॉक्टरांच्या दारापुढे ही रांग, आणि त्याची कामाची वेळ झालेली. तो निघून गेला. फोटो पाकिटात गेला, पाकीट घरच्या कपाटावर. ताईंनी दोनदा निरोप धाडला. मला पाय असते तर मीच त्याच्या दारात जाऊन उभे राहिले असते.

चार महिन्यांनी बायकोने त्याला धरूनच आणले. गाठ फुटून वाहत होती. अंगात सदरा नुसता लोंबत होता. त्याला उभे राहवेना, म्हणून ती किरणे अडवणारा शिशाचा एप्रन घालून त्याला मागून धरून राहिली. दोन्ही फुफ्फुसांत पांढरे पसरले होते. आणि दाराशी त्यांची सहा वर्षांची मुलगी खोकत होती.

ताईंनी तिलाही माझ्यासमोर उभे केले. नेमके तेव्हाच माझे बळ संपले. बटण दाबले, काही नाही. पुन्हा दाबले, काही नाही.

"आजच्या दिवस दगा देऊ नकोस रे बाबा," ताई माझ्यावर हात ठेवून पुटपुटल्या.

होते नव्हते ते बळ मी एकवटले. फोटो धूसर आला, पण आला. पोरीच्या छातीत गाठी धरू लागल्या होत्या.

पुढच्या तपासण्या होऊन त्याच आठवड्यात तिला औषध सुरू झाले. सहा महिने आईने एक गोळी चुकू दिली नाही. मुलगी वाचली.

तिच्या बापाला त्याच दिवशी दवाखान्यात दाखल केले होते; तो मात्र अकराव्या दिवशी गेला. आदल्या दिवशी त्याने ताईंना विचारले होते, "ताई, पहिल्या फोटोत होतं का हे?" ताईंनी त्याची उशी सारखी केली, माझ्या खोलीत येऊन दार लावले आणि तोंडात पदर कोंबून रडल्या.

मित्रांनो, मला फक्त दाखवता येते. हे वाचून झाले की उठा. घरात कुणाचा खोकला लांबला असेल, कुणाचा फोटो नुसताच काढून ठेवला असेल, तर हात धरून त्याला डॉक्टरांपुढे न्या. तो नाही म्हणेल. तरी न्या.